चैतरामभाऊ खड्ड्यातून वर येतात

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत तुम्ही कुठेही बोलायला लागा. बोलता बोलता अडलात की पुढचं वाक्य तुमच्या डाव्या खांद्यामागून येतं. दबक्या आवाजात, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. दचकू नका आणि मागे वळूनही पाहू नका. गावात कोणी पाहत नाही. ऐकलेलं वाक्य मुकाट्याने म्हणून टाकायचं आणि पुढे जायचं. मागे चैतरामभाऊ कटरे उभे असतात, एवढं समजून असलं की झालं.

चैतरामभाऊ धंद्याने प्रॉम्प्टर. तुम्ही पुण्याकडचे असाल तर तुम्हाला वाटेल, प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला तर हळूच शब्द पुरवणारा माणूस. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, तसं नाही. इकडे धान कापून झालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि जिथे मंडई तिथे नाटक. आज कामठ्याला एक, उद्या सौंदडला दुसरं, परवा आणखी कुठे तिसरं. एवढी नाटकं पाठ करायला नटाला दोन डोकी लागतील आणि त्यातलं एक रिकामं असायला लागेल. म्हणून स्टेजच्या पुढे खड्डा खणतात, त्यात तबला-ऑर्गनवाल्यांच्या शेजारी प्रॉम्प्टर बसतो आणि नाटक पहिल्या नमनापासून शेवटच्या खुनापर्यंत आधी तो बोलतो, मग नट. पुढच्या रांगेतल्या लोकांना एकाच तिकिटात नाटक दोनदा ऐकायला मिळतं. म्हणून पुढच्या रांगेसाठी मारामाऱ्या होतात.

असा माणूस आयुष्यभर खड्ड्यात बसला की बाहेर आल्यावरही त्याला राहवत नाही. माझं किराणा दुकान आहे. आमच्याकडे 'आणि'ला 'ना' म्हणतात. गिऱ्हाईक "एक किलो साखर" म्हणून थांबलं की मागून येतं, "ना पाव किलो फल्लीदाने." गिऱ्हाईक म्हणतं, "ना पाव किलो फल्लीदाने." घरी गेल्यावर त्याची बायको विचारते, शेंगदाणे कोणी सांगितले होते, आणि त्याला काही केल्या आठवत नाही. म्हणून भाऊंचा चहा माझ्या दुकानात कायम चालू असतो. तो धर्मादाय आहे असं कोणी समजू नये.

एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांचं भांडण लागलं. भांडण साधं, अर्ध्या तासात विझलं असतं, कारण दोघांच्याही शिव्या लवकरच संपल्या. चैतरामभाऊ मध्ये उभे राहिले आणि इकडे तोंड करून एकाला, तिकडे तोंड करून दुसऱ्याला वाक्यं देऊ लागले. भांडण संध्याकाळपर्यंत रंगलं. आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांतले लोक विळे ठेवून बसले. त्यात घराण्याची अब्रू आली, आईच्या दुधाची आण आली, एकाने तर तलवारीचं नाव काढलं, हातात बैल हाकायची तुतारीची काडी असताना. पण पोलिसात कोणी गेलं नाही. दोघेही इतकं उत्तम बोलले होते, की त्यांना पुढे काही करायची गरजच वाटली नाही.

मुलगी पाहायला आलेला एक पोट्टा असाच. मुलीच्या बापाने विचारलं, "चहात साखर किती टाकाची जी?" पोट्टा लाजून गप्प. खिडकीबाहेरून आवाज आला. पोट्ट्याने मान वर केली आणि म्हणाला, "या घराच्या उंबऱ्यासाठी मी माझा देह ठेवीन." मुलगी आत खुदकन हसली, आणि लग्न ठरलं. आज त्यांना दोन लेकरं आहेत. साखर किती हे अजून ठरायचं आहे.

मी भाऊंना एकदा म्हटलं, "भाऊ, लोकाईच्या तोंडात कायले बोट घालता? बोलन ना ज्याचा थो."

भाऊ म्हणाले, "शेट, वाक्य खाली पडू देऊ नाई. सांडलेला भात उचलता येते. सांडलेलं वाक्य नाई येत."

हे त्यांचं ब्रीद. आणि त्यांच्या तोंडून पडलेलं काहीही वाया जात नाही, हेही तितकंच खरं. एका नाटकात म्हातारा बाप मरत होता, मुलगा पायाशी बसला होता. भाऊंनी खड्ड्यातून चहावाल्याला म्हटलं, "चहा आण, आलं टाकून." मुलगा बापाचा हात धरून रडत म्हणाला, "चहा आण, आलं टाकून." म्हातारा मरायला टेकलेला, पण जातिवंत नट. तो उठला आणि चहा आणायला आत गेला. पब्लिकने टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. तेव्हापासून त्या नाटकात बाप मरत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या मंडळाकडे एका वर्षी नवीन नाटक नव्हतं. मंडई तोंडावर. मी मंडळाचा खलनायक. माझ्या हास्याने कामठ्याच्या दोन म्हशी आटल्या. मी दोन म्हणतो, लोक जास्त सांगतात. सुलोचनाबाई आमची नायिका. सगळे माझ्या दुकानात डोक्याला हात लावून बसलेले. भाऊ म्हणाले, "लोक नाटक भुलतात. गाने नाई भुलत. धानाच्या रोवणीले बाया काय म्हनतात? वीस वर्सांपूर्वीच्या नाटकाचे गाने. नाटक कोनतं होतं, इचारा. कोनालेच नाई मालूम. थेच गाने घ्या ना त्याच्या भोवती नाटक बांधा."

आणि भाऊंनी बांधलं. गाणी जुनी, कथा नवी. सगळी गाणी त्यांना तोंडपाठ, कारण ती सगळी त्यांनीच खड्ड्यातून पुरवलेली. पण गाणी वेगवेगळ्या नाटकांतली. एका गाण्यात नायिका मैना, दुसऱ्यात चंद्रकला, तिसऱ्यात कोणी तुळसा. गाण्यातलं नाव बदलू म्हटलं तर भाऊ म्हणाले, पब्लिक दगड मारन. म्हणून त्यांनी पटवाऱ्याची अशी सून काढली, जी सासरहून पळते आणि प्रत्येक गावात नवं नाव सांगते. एका गाण्यात होडी होती, म्हणून तिला नदी ओलांडावी लागली. एकात तुरुंग होता, म्हणून तिने चोरी केली, तीही बिचारीने मंगळसूत्राची, स्वतःच्याच. एक गाणं हत्तीला उद्देशून होतं, कुठल्याशा राजा-राणीच्या नाटकातलं. पटवाऱ्याच्या सुनेला हत्ती कुठे भेटणार? भाऊंनी गावात सर्कस आणली. नाटकाचं नाव, 'सात नावांची सून'.

मी खोटं सांगत नाही, त्या नाटकाने झाडीपट्टी हलली. गाणं सुरू झालं की पब्लिकच गायचं. माईक बंद पडला तरी अर्धा तास कोणाला कळायचं नाही. सौंदडला आमचं नाटक असलं की गाडीतून पुढे जाणारे लोक स्टेशनावर उतरायचे, आणि चुकून नव्हे. हत्तीच्या गाण्याला म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. हत्ती म्हणजे आमचे दोन नट एका चादरीखाली, पण बायांना त्याचं काही नव्हतं.

आणि मग काही वर्षांनी कामठ्याच्या मंडईत वझलवार साहेब आले. नागपूरचे नाट्यनिर्माते. मृदू बोलणारे, भले गृहस्थ. पूर्ण नाटक त्यांनी थंडीत कुडकुडत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले. आम्ही सगळे जमलेलो. त्यांनी गुळाच्या पोत्यावर बसून सांगितलं, की हे नाटक नागपूरच्या मोठ्या हॉलमध्ये करायचं. लोकांना जुनी गाणी हवी आहेत. नीट लागलं तर पुढे पुणं, मुंबई. सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मनातल्या मनात पुण्याच्या म्हशींचा विचार केला.

"थोडं छोटं करावं लागेल," वझलवार म्हणाले. "रात्रभराचं तीन तासांत आणू. हत्ती राहू द्या. फक्त एक अडचण आहे. त्या हॉलमध्ये कलाकारांच्या अंगावर बारीक माईक असतात. श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि पुढे खड्डाही नाही. म्हणजे तिथे..."

ते थांबले. त्यांना पुढचं बोलवेना. माणूस खरंच भला होता. आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागून आवाज आला. दबका, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"प्रॉम्प्टर चालत नाही."

वझलवारांना गावचा रिवाज ठाऊक नव्हता, तरी ते म्हणाले, "प्रॉम्प्टर चालत नाही." आणि मग मागे वळून पाहिलं. भाऊ गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून चहा पीत होते.

असं ठरलं, की सौंदडला एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात, भर दुपारी, वझलवारांसमोर एकदा नाटक करून दाखवायचं. प्रॉम्प्टरशिवाय. जमलं तर नागपूर, नाही तर आहे तिथे बरे आहोत.

इथे तुम्हाला एक गुपित सांगायला पाहिजे, जे मंडळातल्या कोणीही भाऊंना कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला नाटक पाठ होतं. सगळ्यांना. हेच नव्हे, मागचीही सगळी. एकच वाक्य वर्षानुवर्षं कानात शिरलं की ते कुठे जाणार? मला तर सुलोचनाबाईंचीही वाक्यं पाठ होती. पण आम्ही खड्ड्याकडे कान द्यायचो, भाऊंचं बोलून होईपर्यंत थांबायचो, मगच तोंड उघडायचो. एकदा एक नवीन नट भाऊंच्या आधीच बोलून गेला होता. नाटक संपल्यावर भाऊंनी त्याला काही म्हटलं नाही, फक्त जेवले नाहीत. त्या नटाला आम्ही मांडवामागे नेऊन नीट समजावलं.

तर सौंदडला जायच्या आदल्या दिवशी आम्ही भाऊंना वगळून बैठक घेतली. मीच बोललो. "भाऊ नाई, तर नागपूर नाई. आपून उद्या भुलाचं."

"काय भुलाचं?" हत्तीच्या मागच्या पायांनी विचारलं.

"सगळंच भुलाचं. पयल्या अंकात सुलोचनाबाईनं अडकाचं, मंग मी, मंग हत्ती. साहेबाले दिसलं पाहिजे, का खड्ड्याबिगर आमाले बोलता नाई येत."

"हत्तीले वाक्य नाई जी," मागचे पाय म्हणाले.

"मंग चालाचं भुलजो."

सुलोचनाबाई म्हणाल्या, "माजं हातचं नागपूर जाऊन राहिलं बापा." पण त्या हो म्हणाल्या. बावीस गावांत त्यांच्या नावाची बोंब होती, तरी मोठ्या स्टेजवर त्या एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या. गावं तेवीस धरा, पण मोठं स्टेज नाही ते नाहीच.

दुपारी गोदामात नाटक सुरू झालं. वरच्या पत्र्यांतून उजेड येत होता आणि जिकडेतिकडे कोंड्याचा वास. समोर दोन खुर्च्या. एकीवर वझलवार, दुसरीवर चैतरामभाऊ. त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहून आम्हालाच कसंतरी झालं. आम्ही त्यांना एवढी वर्षं वरून पाहिलेलं, ते आम्हाला खालून. खड्ड्यातून त्यांना आमच्या पोटऱ्यांच्या वरचं काही दिसत नसे. वही आणि पाय, पाय आणि वही. कोणाच्या टाचेला भेग पडली हे नाटकात पहिल्यांदा भाऊंना कळायचं.

सासरा-सुनेचा प्रवेश आला. सून उंबऱ्यापाशी उभी राहते आणि सासरा विचारतो, "जातेस तर नाव कोणाचं सांगशील?" त्यावर तिचं मोठं वाक्य आहे. त्या वाक्याला बाया हुंदके देतात.

सुलोचनाबाई ठरल्याप्रमाणे अडल्या.

आम्ही सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंचे ओठ हलले. वाक्य अगदी दाताशी आलेलं आम्हाला दिसत होतं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. चक्क कोंबला, आणि वरून दोन्ही हात दाबले. वेळ जात होता. मी तुम्हाला सांगतो, एवढी लांब शांतता झाडीपट्टीच्या स्टेजवर कधी झाली नव्हती. गोदामाच्या दारात एक कावळा आला, त्याने आमच्याकडे पाहिलं, काही चालू नाही असं पाहून निघून गेला. भाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांत पाणी आलं. पण हात हलले नाहीत. आणि त्या डोळ्यांनी ते सुलोचनाबाईंकडे पाहत होते. रागाने नव्हे. घाटाच्या चढावर बैल थांबला की गाडीवान जसा नुसता पाहतो, चाबूक न उचलता, तसे.

मग सुलोचनाबाई बोलल्या. ते वाक्य त्या इतकं सुंदर कधीच बोलल्या नव्हत्या. आमचा कट तिथेच संपला. माझी पाळी आली तेव्हा मीही काही विसरू शकलो नाही. हत्तीसुद्धा चारही पायांनी एका तालात चालला, जे त्याला आजवर जमलं नव्हतं.

नाटक संपल्यावर वझलवार उठून आले. म्हणाले, "बाई, तो उंबऱ्यावरचा थांबा. तो तेवढाच ठेवा. एक सेकंदही कमी करू नका." नागपूर पक्कं झालं. भाऊंनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि कोणाशी न बोलता पहिल्या गाडीने गोंदियाकडे निघून गेले.

आम्ही मागून दुसऱ्या गाडीने आलो. डब्यात कोणी गाणं म्हटलं नाही. माझ्या दुकानात पुन्हा बैठक झाली आणि ठरलं, की साहेबांना नाही म्हणून कळवायचं. भाऊंना घरी सोडून मोठ्या स्टेजवर जाऊन करायचं काय? सुलोचनाबाईंनीच पहिला हात वर केला. हे भाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी खलनायक, मला कठोर बोलायची सवय.

दिवेलागणीला मी त्यांच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर, दोन खोल्यांचं घर. आत मी कधीच गेलो नव्हतो. कशाला जाणार? भाऊ सगळा दिवस गावभर लोकांच्या खांद्यामागे. त्यांची बायको, आमच्या यमुनावहिनी, वारल्या तेव्हा अंगणापर्यंत आलो होतो, तेवढंच. दार लोटलेलं होतं. आतून भाऊंचा आवाज आला. दबका नव्हे, मोकळा. मला वाटलं पाहुणा आला आहे. मी पायरीवर थांबलो.

"हिरवं लुगडं नेसली होती सुलोचना," भाऊ म्हणत होते. "तू हिरवं म्हनली होतीस, थे मी पोपटी समजत होतो. पोपटी नाई. कच्च्या धानावानी आहे."

मग ते थांबले. कोणीतरी उत्तर द्यावं इतका वेळ थांबले. उत्तर आलं नाही. भाऊंनीही ते दिलं नाही.

"ना थो किराणावाला. हसते तवा नाकपुड्या फुगवते, असं तू सांगत होतीस. मी म्हनो, तू वाढवून सांगून राहिली. खरंच फुगवते. बैलावानी."

पुन्हा थांबले.

तेव्हा मला हळूहळू उमगलं. यमुनावहिनी प्रत्येक नाटकाला यायच्या. बायांच्या बाजूला, खांबाला टेकून बसायच्या. नाटक संपलं की दोघं नवरा-बायको घरी जायची आणि वाटभर वहिनींचं तोंड चालू असायचं. आम्ही हसायचो, की बघा, भाऊंना घरी जाऊनही ऐकूनच घ्यावं लागतं. त्या त्यांना नाटक सांगत असायच्या. कोणी काय नेसलं होतं, कोणाचा चेहरा कसा झाला, पब्लिक कुठे रडलं. खड्ड्यातल्या माणसाला त्याचंच नाटक. त्या गेल्यापासून ते सांगायला कोणी नव्हतं, आणि भाऊंनी आमच्यापैकी कोणाला कधी विचारलंही नाही.

"उंबऱ्यापाशी तिचा चेहरा पाहाले पाहिजे होतास तू," भाऊ आत म्हणाले, आणि मग लगेच, "तू तं पाहिलाच असन म्हना. रोजच पाहत होतीस. मीच आज पाहिला."

आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला. भाऊंनी झाकण काढलं असावं.

"नागपूरले मोठा पडदा आहे म्हनते. कापडाचा नाई, मखमलीचा. आपोआप सरकते. रंग पाहून येतो. मंग सांगतो तुले."

मी चपला हातात घेतल्या आणि बोडीच्या काठाकाठाने परत आलो. दुकानात सगळे बसूनच होते. सुलोचनाबाईंनी विचारलं, "सांगितलं काय जी भाऊले? काय म्हनले?"

एरवी मी याच्यावर रात्र काढली असती. भाऊ रडले म्हणालो असतो, पाय धरले म्हणालो असतो, हत्तीलाही त्यात आणलं असतं.

"नागपूरले जावाचं," मी म्हटलं. "ना भाऊले खुर्ची मधातली पाहिजे. पडदा पुरा दिसाले पाहिजे."